लोखंडी कपाटातला राउटर

आदरणीय मेहुणेसाहेबांस,

नमस्कार (उभ्यानेच, कंबर धरली आहे). तुमचा गुडघा आणि वहिनींचं ब्लड प्रेशर ठिकाणावर असेल अशी आशा आहे. तुमची धाकटी बहीण चार दिवस तिथेच आहे म्हटल्यावर माझ्याबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. आता माझी बाजू ऐका.

आमच्याकडचं इंटरनेट मंद आहे, हे मला मान्य. पण राउटर लोखंडी कपाटात ठेवल्यामुळे ते मंद आहे, हे मुळीच मान्य नाही. एकतीस वर्षं मी कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. किमती वस्तू कुलपात, हा माझा शिरस्ता. एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही. मग लुकलुकत्या दिव्यांची ही महागडी पेटी काय खिडकीत उघड्यावर मांडू? कपाटाला मागून भोक पाडून वायर आत घेतली आणि पेटी माझ्या शर्टांवर ठेवली. (शर्ट ऊबदार राहतात, इस्त्री लागत नाही. हा फायदा आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नाही.) इंटरनेटवाला येऊन म्हणाला, "काका, लोखंडातून सिग्नल बाहेर येत नाही." म्हटलं, लेखी द्या. तो गेला तो गेलाच.

रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. नात आयुष्यातलं पहिलं पाऊल टाकायला उभी राहिली, हात पसरले, पाय उचलला, आणि चित्र तिथेच थिजलं. पुन्हा हललं तेव्हा ती खोलीच्या पार पलीकडे बसून टाळ्या पिटत होती. तुमची बहीण माझ्यावर ओरडली नाही, हेच वाईट. "दादाकडचं नेट चांगलं आहे," एवढंच म्हणाली आणि बॅग भरली.

तेव्हापासून मी काही स्वस्थ बसलेलो नाही. पासवर्ड बदलला (सत्तावीस अक्षरी आहे, आता मलाही येत नाही). वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य आमचं नेट वापरत असणार असं धरून त्यांना चार शब्द सुनावले, तर ते माझीच दाढ तपासायला निघाले. घराचा मेन स्विच दहा वेळा बंद-चालू केला. त्याने फ्रिज तेवढा खरखरायला लागला. फोन डोक्यावर धरून टेबलावर चढलो, कंबर तिथलीच. पण पेटी कपाटातून बाहेर काढणार नाही. त्रिवार नाही. पडद्यावर गरगरणाऱ्या एका चक्रापायी मी एकतीस वर्षांची शिस्त मोडणार नाही, हे तिला माझ्या शब्दांत सांगा.

आपला हट्टी (पण निर्दोष) मेहुणा

ता. क. : कपाटाची किल्ली तुमच्या बहिणीच्या पर्समध्ये गेली आहे. कुलूप मीच निवडलेलं, त्यामुळे स्क्रू-ड्रायव्हरला दाद देत नाही. माझे सगळे शर्ट आत आहेत. अंगावरचा चौथ्या दिवसाचा आहे.

आणखी एक : ते पाऊल मलाही दिसलं नाही. फार लागलंय मनाला. हे मात्र तुमच्या शब्दांत सांगा. खिडकीत राउटरपुरती फळी ठोकून ठेवली आहे.

शेवटचं : किल्ली कुरियरने पाठवू नका. जिच्या ताब्यात आहे तिने स्वतः येऊन, माझी सही घेऊन, हातात द्यावी. स्टोअरचा नियम आहे.