वळणाचं विद्यापीठ

१४ जून, शनिवार

योगिता जेवून गेली. धर्मापुरीची पोरगी. अंबाजोगाईच्या कॉलेजात आमच्या ऋतुजाच्या दोन वर्षं पुढं होती, आता दिल्लीच्या त्या मोठ्या विद्यापीठात शिकते.

ऋतुजाचा दोन्हीकडं नंबर लागलाय, दिल्लीला आणि बंगळूरच्या संस्थेत. दोन्ही नावाजलेल्या. सत्तावीस तारखेपर्यंत एक पक्कं करायचं. मी म्हटलं, पोरीला स्थळ बघताना दहा घरी चौकशी करतो ना आपण? मग इथं का नको! बोलाव तिला जेवायला.

बाई, काय ती बोलती! तिथं म्हणे पोरं भिंती रंगवतात, घोषणा लिहितात, चहाच्या टपरीवर तासनतास वाद घालतात. सरांचं पटलं नाही तर वर्गातच उठून तोंडावर सांगतात.

"आन् सर काय करतात?"

"सर चहा पाजतात काकू, आन् पुन्हा भांडतात!"

हे हसले. मला नाही हसू आलं. मी विचारलं, होस्टेलचं गेट किती वाजता लावतात? तर योगितानं ऋतुजाकडं बघितलं, ऋतुजानं तिच्याकडं. दोघी ओठ दाबून हसल्या. त्यांना वाटलं मला दिसलं नाही.

१५ जून

एवढं गोड असतं का कुठं? पोरीला तिथं करमत नसणार. सोबतीला कोणीतरी हवंय, म्हणून आमचीला गळ टाकतेय.

१७ जून

छबूआक्का आली युसूफ वडगावहून, सोमूला घेऊन. माझा भाचा सोमेश्वर. बंगळूरला त्याच संस्थेत एक वर्ष झालं त्याला, सुट्टीला आलाय.

काय वळण लागलंय पोराला! आल्या आल्या पाया पडला. मान वर करत नाही. लहानपणी केवढा वांड होता, आमच्या गोठ्यावर चढून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचा. आता विचारलं तेवढंच बोलतो. आक्काला तर ठेवू कुठं असं झालंय. "बघ वनमाला, वर्षात किती सुधारला! दिवसभर खोलीत असतोय. मित्र न्हाई, फित्र न्हाई, उंडगेपना न्हाई."

मी याचीही उलटतपासणी घेतली. सोडते की काय!

"वर्गात सरांना उलट बोलतात का रे?"

"न्हाई मावशी. कुनीच काही इचारत न्हाई."

"कावून?"

"इचारलं की आपल्याला येत न्हाई हे समद्यांना कळतं."

केवढी समज! मेसमध्ये जो तो आपल्या मोबाइलात बघत जेवतो म्हणे. भांडण नाही, घोषणा नाही. झाडं लई हाईत, म्हणाला. म्हटलं, बसता का झाडाखाली? तर म्हणे, "सायकलवरून जाताना दिसतात."

तिथं येणारं प्रत्येक पोरगं आपापल्या गावात पहिलं आलेलं. मी गमतीनं विचारलं, मग तिथं तुझा कितवा नंबर रे? तांब्या घेऊन उठलाच, बाहेर जाऊन चूळ भरत बसला. लाजाळू झालाय.

१८ जून

सोमू जेवून झोपला तो दिवेलागणीला उठला. अभ्यासानं पार पिचून जातात लेकरं. पण शिकायचं तर असंच शिकावं. मला बंगळूर पटलं.

हे म्हणाले, ऋतुजाला विचार की. विचारलं! तर म्हणते, "आई, तू दोघांचं ऐकलंस खरं, पन सोमूदादाकडं जरा..."  जरा काय? पुढचं गिळून टाकलं. ही काहीतरी लपवतेय.

२० जून

आक्का आणि सोमू काल गेले. आज ऋतुजा गच्चीवर फोनवर. कुजबुज चाललेली. मी जिन्यात उभी राहिले. हो, राहिले! आई आहे मी तिची.

"...मी कुनाला सांगत न्हाई. आईला तर मुळीच न्हाई. योगिताताई म्हनते तसं करून बघ."

पुन्हा योगिता! ती शिकवणार आणि ही कुणालातरी पढवणार. पलीकडं कोण? पोरगा असणार. मी वर गेले तशी म्हणाली, बरं, अभ्यासाचं नंतर बोलू. परीक्षा संपून महिना झाला, कसला गं अभ्यास?

२१ जून

फोनला कुलूप घातलंय तिनं. आधी नव्हतं.

२३ जून, सोमवार

आज सरळच विचारलं. कोण आहे तो?

"कुनी न्हाई."

"मग ती योगिता काय शिकवतेय तुला?"

"ती मदत करतेय, आई."

"कसली मदत?"

रडायला लागली. "ते माझं न्हाई. मी न्हाई सांगू शकत." तिचं नाही तर कुणाचं? दिल्लीला जायच्या आधीच हे धंदे, तर तिथं गेल्यावर काय! मी फोन काढून घेतला. कपाटात टाकला, साड्यांखाली, वर किल्ली कमरेला. हे म्हणाले, फार ताणू नको. यांना काय जातंय बोलायला!

मला काय हौस आहे तिला रडवायची? एकुलती एक पोर. आजवर अंबाजोगाईच्या पुढं पाठवली नाही. लई भीती वाटते मला. कुणाला सांगू?

२४ जून

कपाटात फोन वाजतोय. थांबतो, पुन्हा वाजतो. योगिताच असणार. वाजू दे.

२५ जून

पुन्हा वाजला. दुपारभर. पोरगी चिवट आहे.

२६ जून

केलं एकदाचं! सुविधा केंद्रात जाऊन बंगळूर पक्कं केलं. ऋतुजानं मान खाली घालून बटण दाबलं.  केंद्रातला उत्तरेश्वर म्हणाला, उद्या संध्याकाळी पाचपर्यंत बदलता येईल, विचार करा. म्हटलं, केलाय विचार.

येताना ऋतुजाशी दोनदा बोलले. नुसतं "हो" आणि "बरं". बोलेना का, राग उतरेल.

लगेच आक्काला फोन लावला. तिला आभाळ ठेंगणं! म्हणाली, सोमूची उद्याचीच गाडी आहे परळीहून, आता दरवेळी दोघं भाऊबहीण संगतीनं जातील. सोमूला दे म्हटलं, तर म्हणाली, बॅग भरतोय. मन शांत झालं आज.

२७ जून

सोमू आत जेवतोय. ऋतुजाचं उत्तरेश्वरच्या केंद्रातलं काम पाचाच्या आत उरकलं. दिल्ली. आक्काला सोमूचं अजून कळवायचंय, ते मी स्वतः जाऊन सांगणार.

दुपारी फोन थांबेचना. चांगलं खडसावते म्हणून कपाट उघडलं आणि नाव न बघताच उचलला.

"ऋतू, फोन कावून उचलीना गं? मी परळी स्टेशनावर हाय. मला न्हाई जायचं परत तिथं. वर्षभर कुनाशी बोललो न्हाई मी, फकस्त तुझ्याशी आन् योगिताताईशी. तिनं सांगितलं तसं काल आईला सांगाया गेलतो, तर ती तुझ्या बंगळूरचे पेढे वाटत होती. माझ्या तोंडातून निघंचना. गाडी लागली बघ. मी काय करू?"

अगं बाई, हा तर सोमू! पण बोलले नाही. माझा आवाज ऐकला तर ठेवून देईल, आणि मग हे पोर कुठं शोधू? नुसतं हूं, हूं करत राहिले. यांना हातानं खूण केली, मोटारसायकल काढा. मागं बसून, पदरात तोंड धरून, रस्ताभर हूं, हूं. तो बोलत होता. मेसचं, नापास झाल्याचं, कसं दिवसदिवस अंथरुणातून उठवायचं नाही त्याला. गाडी निघून गेल्याचं पण त्यानंच सांगितलं.

परळीत शिरताना तो म्हणाला, "मावशी, तूच हाईस ना?"

पण फोन ठेवला नाही.