फाटकावरचा चौथा हात

प्रिय धाकट्या,

पत्र बघून घाबरू नकोस, मी जिवंत आहे. गुडघे तेवढे माझं ऐकत नाहीत, पण ते आधीपासूनच तुझ्यासारखे हट्टी. फोन केला तर तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, ते दाराखालून आपलं आपण आत येतं. अक्षराला नावं ठेवू नकोस, सातवीपर्यंत शिकवून मास्तर थकले, मी नाही.

आधी गंमत सांगते. आमच्या चर्चच्या मंडळीत नवे पाळक आलेत. उंच आणि बारीक, शिडीला झगा घातल्यासारखे. दर बुधवारी आम्हा बायकांना शास्त्र शिकवतात. परवा धडा निघाला पाप, नियमशास्त्र आणि कृपेचा. त्यात असं येतं, की नियमशास्त्र आलं, म्हणजे देवाच्या आज्ञा आल्या, आणि पाप वाढलं. पाववाली म्हणाली, अहो, मग देवाने ते दिलंच कशाला, आधी काय कमी होतं? पाळकसाहेब इतके गडबडले, की चष्मा पुसून कपाळावर ठेवला आणि टेबलावर शोधत बसले.

मला दया आली. मी म्हटलं, साहेब, मी रंगाऱ्याची बायको, मला विचारा. पुट्टी भरून झाली की आमचे हे दिवा भिंतीला लावून आडवा धरायचे. तोवर गुळगुळीत वाटणारी भिंत एकदम वणांनी भरल्यासारखी दिसायची. घरमालक कुरकुरायचे, आत्तापर्यंत बरी होती की. आता ते खड्डे काय दिव्याने पाडले? होतेच ते. दिवा आला म्हणून मोजायला सापडले. पण दिवसभर दिवा धरून उभे राहिलात तरी एक खड्डा भरणार नाही. भरायला हात लागतो, आणि तो भिंतीचा नसतो.

पाळकसाहेबांनी लगेच वहीत उतरवून घेतलं. प्रवचनात वापरतील, माझं नाव घेणार नाहीत. पाववालीला तेवढ्यावर थांबवेना. म्हणाली, पापावर कृपा मिळतेच, तर मग थोडं जास्तच करावं की. मी म्हटलं, बाई, डब्यात पुट्टी उरली म्हणून कुणी भिंतीवर हातोडा मारतं का? सगळ्या हसल्या. मीही हसले, ते थेट घरच्या फाटकापर्यंत. तिथे अडकले. फाटक आता लागतच नाही, ढकललं तरी बोटभर उघडंच राहतं. रंग फार झालाय त्याच्यावर.

पहिला हात तुझ्या दाजींचा, हिरवा. त्यांच्या मागे तीन वर्षांत आणखी तीन बसले. दर वर्षी ते गेले त्या दिवसाजवळच्या रविवारी मी उपासनेहून येते, तर फाटक ओलं. शेजारीण म्हणते, कोण देवदूत येतो गं तुझ्याकडे? देवदूत स्क्रूच्या खाचेत रंग जाऊ देत नाही आणि डब्याची कड डाव्या अंगठ्याने पुसतो, हे मी तिला सांगितलं नाही. ते तुला दाजींनीच शिकवलं होतं, कानाला धरून.

गेल्या रविवारी मी उपासनेला गेले नव्हते. गुडघा सुजला होता. पडद्यामागे बसून तुला बघत होते. केस किती पिकले रे. गंज न खरवडता तू वरून रंग देत होतास, दाजी असते तर ब्रश हिसकावून घेतला असता. तू नळावर पाणी प्यायलास, दाराकडे बघितलंस आणि गेलास. कडी माझ्या हाताजवळ होती. मी काढली नाही. तेव्हापासून ती कडी मला टोचते आहे, म्हणून बुधवारी दिव्याचं मी जे बोलले ते आधी माझ्याच भिंतीवर पडलं.

तुझ्या बायकोचं पत्र आलं होतं. लिहिते, हे चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतात आणि प्रभुभोजनाची भाकर हाती यायच्या आत उठून जातात, तीन वर्षं झाली. तेव्हा ऐक. दफनाच्या दिवशी सगळे तुला म्हणाले, तुझी काही चूक नाही. मीही म्हणाले. खोटं बोलले. परांचीच्या दोरीला दोन गाठी मारायच्या आणि ओढून बघायचं, हा दाजींचा नियम तुला पाठ होता. त्या दिवशी चहाच्या घाईत तू एकच मारलीस, आणि ते तुझ्या भरवशावर वर चढले, ते परांचीसकट खाली आले. चूक तुझीच होती. हे आजवर कुणी तुला तोंडावर म्हटलं नाही, म्हणून माफही कुणाला करता आलं नाही. आता मी दोन्ही करते. चूक तुझी होती, आणि मी तुला माफ केलं. त्यासाठी फाटक रंगवायची गरज नव्हती, ते रंगवून भागलंही नसतं. त्या कडीचं तू मला माफ कर. येत्या रविवारी ये, उपासनेच्या वेळी नाही, उपासनेच्या आधी. माझ्या शेजारी बस, आणि उठायला लागलास तर सदऱ्याला धरून खाली बसवीन, लहानपणी बसवायचे तशी. मग घरी येऊन जेव. रंग आणू नकोस. दाजींची खरवडायची पत्ती मी काढून ठेवली आहे, हिरवा लागेपर्यंत खरवडायचं आहे. कडी काढलेली असेल.

तुझीच, अजून कान धरू शकणारी,
ताई