हत्यारांच्या पेटीतला कॉम्प्युटर

चिमणे,

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितेय. घाबरू नकोस.

कॅबिनेटचा खर्च वाचवायला आपण बाबांची हत्यारांची पत्र्याची पेटी घेतली, पंख्यासाठी तिला भोकं पाडली आणि तिच्यात तुझा गेमिंगचा कॉम्प्युटर बसवला. ती अक्कल माझीच. मला वाटलं, प्लंबिंग सोडून घरी बसलेला माणूस पेटी कशाला उघडतोय! आज उघडली. "मायलेकींनी माझ्या पोटावर ड्रिल मारलंत!" म्हणून ओरडले आणि मोठा पाना उचलला. मदरबोर्डचे तुकडे झाले, मॉनिटर फुटला. चपला काढू नकोस, घरभर काचा आहेत. पुढचा घाव ग्राफिक्स कार्डावर येत होता, तिथे मी मनगट घातलं. कार्ड धडधाकट आहे. हाड जुळतं गं, तसलं सेकंडहँड कार्ड आपल्याला परत मिळायचं नाही.

मग मीही पॉवर सप्लाय उचलून त्यांच्या खांद्यात घातला. बरं झालं, तू वजनदारच घ्यायला लावलास.

खांद्यावर पाणी मारायला ते बाथरूममध्ये गेले, तशी मी बाहेरून कडी लावली. अजून आतच आहेत. काका त्यांना न्यायला निघालेत, ते उघडतील. मी प्लास्टर घालायला जातेय, तिथून मावशीकडे. कार्ड ओट्यावर आहे. ते घे आणि तूही तिकडेच ये.

तुझी चाहूल लागली की बाबा गोड बोलतील, मग रडतील. ते रडणं खरं असतं, म्हणून तर मी दर वेळी विरघळत आले. तू कडी काढू नकोस.

आई