मुकुटाखालची टोपी

४ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आत्या, चर्चमधलं मोठं चित्र साफ करायचं काम मला मिळालं, हे कळवलंच होतं. बाळ येशू आणि समोर गुडघे टेकलेले तीन राजे. सव्वीस वर्षांपूर्वी ते बाबांनीच साफ केलं होतं, म्हणून मी जास्तच जपून होते. डोळे गेल्यापासून बाबा रोज आधी चित्राची खबर विचारतात, मग माझी. कुणाचं लक्ष जात नाही अशा कोपऱ्यातून सुरुवात करावी, ही त्यांचीच शिकवण. या वेळी मात्र म्हणाले, म्हाताऱ्या राजाच्या डोक्यापासून कर. नवल वाटलं, पण विचारलं नाही.

काल कापसाचा बोळा जिभेवर ओला करून मुकुटावरून फिरवला. थुंकीइतकं सौम्य औषध नाही, हे आपल्याच घरात शिकले. बोळा सोनेरी झाला. जुना तैलरंग थुंकीनं निघत नाही, आत्या. मुकुटाखाली लाल, मऊ टोपी निघाली, शेंडा पुढे कललेला. पुस्तकं उघडली. ही टोपी राजाची नव्हे, मागींची. पूर्वेकडचे, अग्नीची राखण करणारे, तारे वाचणारे पुजारी ते. सर्वांत जुन्या चित्रांत ते अशाच टोप्या घालून येतात. मुकुट कितीतरी शतकांनी चढले.

मग भिंग लावलं. मुकुटाच्या उरलेल्या टोकांवर एकेक ठिपका, ठिपक्याला डावीकडे शेपूट. बाबांचा डावा हात. माझ्या शाळेच्या वह्यांवर ते असेच ठिपके काढून द्यायचे. दुसऱ्याच्या चित्रात आपला केसभर रंग मिसळू नये, हे मला अक्षरांच्या आधी ज्यांनी शिकवलं, त्यांनीच हे करावं?

फादर पुढच्या आठवड्यात परततील. नुसतं मुकुट पुसला एवढंच मी सांगितलं तर माझं काम जाईल. तो कुणी रंगवला होता ते सांगितलं तर बाबांचं नाव. बाबांना विचारायची छाती होत नाही. कालपासून धड खुर्चीवर टेकलेले नाही. तेव्हा रंग घोटायला तू होतीस. खरं ते कळव.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस, आत्ता तोच पुरवायचा आहे.

तुझी भाची,
खारू


७ मार्च

चि. खारूस अ. उ. आ.

आधी खुर्चीवर बस. मुकुट दादाचेच, आणि सोनेरी रंग मीच घोटला.

काजळी काढल्यावर तिघांच्या टोप्या दिसल्या. चर्चच्या तेव्हाच्या कारभाऱ्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. परक्या धर्माचे अग्निपूजक आमच्या वेदीवर? राजे करा, नाहीतर चित्र जाळतो, म्हणाले. दादा दोन दिवस जेवला नाही. मग मला म्हणाला, तेल घालू नकोस, नुसत्या डिंकात घोट. कधीतरी नीट शिकलेलं माणूस येईल, त्याच्या थुंकीनं हे निघालं पाहिजे. मी म्हटलं, देवाच्या घरात थुंकणारं माणूस आणणार कुठून? म्हणाला, तयार करू. तू तेव्हा पाळण्यात होतीस.

डोक्यापासून कर असं का सांगितलं, ते आता तूच ताड. आपली चूक पोरीला तोंडानं सांगणं त्याला जमत नाही. तू बोल.

माया आहेच, ती मागायला लाजू नकोस.

तुझी आत्या


१७ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बाबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की लाल शाबूत आहे का. आहे म्हटल्यावर बराच वेळ तोंडावर रुमाल धरून बसले.

फादरना दोन्ही गोष्टी सांगितल्या. त्यांनी शुभवर्तमान काढून उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. तिथे राजे नाहीत, तीन हा आकडाही नाही, नुसते मागी. चाळीस वर्षं हेच वाचतोय आणि डोळ्यांपुढे मुकुट बघतोय, म्हणाले. रविवारी सगळ्यांना दाखवलं. एक आजी उठून गेल्या. जन्मभर राजांना हात जोडले त्याचं काय, म्हणाल्या.

उरलेले दोन मुकुट काढायला फादरनी परवानगी दिली, पण ज्यांनी चढवले त्यांना घेऊन या, म्हणाले. मला वाटलं, जाब विचारतील. त्यांनी फक्त आम्हां दोघांसाठी शिडी धरली. बाबांनी बोळा स्वतःच्या जिभेवर ओला केला आणि हात माझ्यापुढे केला. मी मनगट धरून दुसऱ्या मुकुटापर्यंत नेलं. चारदा फिरवून त्यांनी विचारलं, सोनेरी झाला का. मी हो म्हटलं. बोळा खिशात टाकून ते खाली उतरले. तिसरा मुकुट तुझा, म्हणाले.

लोभ आहे तसाच राहू दे, त्यावर काही चढवू नकोस.

तुझी,
खारू