बारीक छिद्रं

५ जानेवारी
काल्हेरला खोली मिळाली एकदाची! तळमजला, समोर गोदामं आणि ट्रकांची रांग. नोकरीही मनासारखी: पूर्णा गावच्या नव्या गोदामांत फरशीतली ओल तपासायची. आणि गंमत बघा, माझ्याच पलंगामागच्या भिंतीला गुडघाभर ओल! घरमालकीण जानकीबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, जुनी वल हाय, तिला छेडायची न्हाय.
माझ्या लेकीला, ओवीला दम्याचा त्रास आहे. ती आणि तिची आई माधवी अठराला येतायत. त्याआधी भिंत कोरडी करणार म्हणजे करणार.

८ जानेवारी
विटेत बारीक छिद्रं असतात, त्यांत हवा. पाणी शिरलं की हवेला बाहेर पडावं लागतं. छिद्र जितकं बारीक, तितकी पाण्याला ओढ जास्त. घरी हे सांगायला लागलो की माधवी जांभई द्यायची. इथे जांभई द्यायलाही कोणी नाही.
संध्याकाळी भिंतीला कान लावला. आतून हलके सुस्कारे. हवा निघत असणार. खरं सांगायचं तर सोबत वाटली.

११ जानेवारी
सुट्टी. भिंतीला वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारले. ओल गायब! जानकीबाई खिडकीतून बघून निघून गेल्या.

१३ जानेवारी
भिंत कोरडी, पण गादी ओलीचिंब. चूक माझीच. मी वाट बंद केली, ओलीनं दुसरी शोधली. विटेपेक्षा कापूस बारीक.
कापसापेक्षा बारीक काय असतं?

१५ जानेवारी
गादी कोरडीठाक. माझ्या छातीत खळखळ. डॉक्टर म्हणाले, सर्दी.
भिंत आता गप्प आहे. सुस्कारे माझ्यातून येतात.

१७ जानेवारी
येऊ नका म्हणायला माधवीला फोन केला. शब्द फुटेना, नुसती गुरगुर. ती म्हणाली, रेंज नाही वाटतं, उद्या भेटतोच आहोत.
मेसेज लिहायला गेलो, तर बोटं ओली. पुसली, पुन्हा ओली. स्क्रीन दाद देत नाही.
वर जानकीबाईंकडे गेलो. छेडली व्हय तिला, एवढंच म्हणाल्या. दार लावून घेतलं.

१८ जानेवारी
आल्या. कडी घातलीय, दाराला पाठ लावून बसलोय. फार भेटावंसं वाटतंय —
ओवी फटीला तोंड लावून हाका मारतेय. बाबा, बाबा —
छाती हलकी होतेय. श्वास येतोय मला. किती दिवसांनी —
म्हणजे पाणी —
तिची छिद्रं माझ्याहून बारीक.
लांब हो म्हणून ओरडलो. आवाज फुटला. तो ऐकून हसली, फटीला आणखीनच चिकटली —
खोकतेय. ओवी खो