नवरीची बस मीच नेणार

१२ एप्रिल, शनिवार
बस आणली. रसायनीतल्या एका कारखान्याची जुनी स्टाफबस, भंगारात जाणार होती. आता शेलूला आमच्या अंगणात उभी आहे. ट्रॅक्टरने ओढून आणावी लागली, पण उभी आहे हे महत्त्वाचं.

४ मेला हर्षलाचं लग्न, मोहोपाड्याला, नवऱ्यामुलाकडे. सगळं वऱ्हाड माझ्या बसमधून जाणार आणि बस मी चालवणार. लेकीला दुसऱ्याच्या गाडीत बसवून पाठवायला मी अजून मेलो नाही.

जागृतीने बसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भात लावायला आत गेली. बायको भारावली की बोलत नाही. हर्षला म्हणाली, "बाबा, मला बस नको. कन्यादान तुमच्याच हातून पायजे, तुमी टायमावर मांडवात पायजे." मी म्हटलं, त्यासाठीच तर बस.

१४ एप्रिल, सकाळी
संकल्प: मेकॅनिकला अंगणात पाऊल ठेवू द्यायचं नाही. दोष काढण्यापलीकडे त्यांना काही येत नाही. मोबाईलवर व्हिडिओ आहेत. शिवाय गावाचा पाण्याचा पंप इतकी वर्षं मीच चालवतोय. बटण दाबलं की चालू, बटण दाबलं की बंद. यंत्राला माणसाचा हात कळतो.

१७ एप्रिल
इंजिनाचं हेड उघडलं. गॅस्केट जळलेलं. कर्जतहून नवीन आणून बसवलं. व्हिडिओ ट्रॅक्टरचा होता, पण डिझेल ते डिझेल. त्यातला माणूस बोल्ट मोजून मोजून आवळतो. ज्याच्या मनगटात जोर नाही त्याने मोजावं.

१९ एप्रिल
ऑइल मोजायची पट्टी मोडली. आपोआप. नवीन मिळते, पण कशाला? आईच्या छत्रीची काडी काढली, कानशीने खूण केली. खूण कुठे करायची ते अंदाजाने.
ऑइल खुणेपर्यंत येईना. आणखी ओतलं. मग आणखी. बिचारं उपाशी होतं.

२२ एप्रिल, संध्याकाळ
सुरू झालं! पाइपातली हवा काढली, सेल्फ मारला, दुसऱ्याच दमात. घरातून कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
निळा धूर फार. जुना मळ जळतोय. शेजारच्या कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या त्या गेल्याच. जागृतीने दोरीवरचे कपडे पुन्हा धुतले.
बंद करायचा नॉब ओढला. बंद झालं, पण लगेच नाही. थोडं थांबून, त्याच्या मनात आलं तेव्हा. दम आहे इंजिनात.

२५ एप्रिल
नॉब ओढल्यावर आज जास्त वेळ चाललं. चावी माझ्या खिशात आणि इंजिन चालू.
धाकटा भाऊ धनेश आला. नेरळला रिक्षा चालवतो. म्हणाला, "दादा, कोनाला तरी दाखव रं. आवाज बराबर नाय." मी म्हटलं, रिक्षावाल्याने रिक्षापुरतं बोलावं. गेला. जाताना बसच्या पुढून गेला नाही, मागून वळसा घालून गेला.

२८ एप्रिल
आज नवाच प्रकार. मी ओट्यावर चहा पीत होतो. बस चालू, आत कोणी नाही. आणि रेस आपोआप चढली. कुणी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवावा तशी. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मग आपोआप उतरली.
आई बघत होती. म्हणाली, "सहदेवा, ह्याच्या अंगात येतंय रं."
मी हसलो. तिने जाऊन बोनेटला हळदकुंकू लावलं, मी अडवलं नाही. खरं तर बरं वाटलं. हे जागृतीला सांगायचं नाही.

२९ एप्रिल
ऑइल बघितलं. काडीवर कमी. ओतलं.

३ मे, हळद
आईने घरची रीत सांगितली. नवरीच्या गाडीवर नारळ फुटला की ती मांडवाशी जाईपर्यंत थांबवायची नाही. बैलगाडी होती तेव्हा बैल सोडत नव्हते. मध्येच थांबली तर पोरीचा संसार अडतो.
म्हणजे लवकर बंद न होणारं इंजिन लग्नासाठीच जन्माला आलंय! धनेशला ऐकवलं. तो मटणाच्या पातेल्याकडे बघत राहिला.
 

४ मे, सकाळी
नारळ फोडला. एका दमात सुरू. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, निघायचं होतं आठला. नऊ वाजून गेले. करवल्यांचे फोटो संपत नाहीत. रीत म्हणून बस चालूच ठेवली आहे.
ड्रायव्हरच्या सीटवर बसून लिहितोय. पायाखालचा पत्रा तापलाय. हर्षला येऊन मागे बसली. चांगली दिसते. फारच चांगली दिसते.
रेस चढली. उतरली. परत चढली. उतरत नाही. बघतो.

४ मे, अकराच्या सुमारास
विशेष काही नाही. रेस चढत गेली. बँडवाल्यांना वाटलं मी मुद्दाम करतोय, त्यांनीही ताल वाढवला. बायका नाचायला लागल्या. मी चावी काढली. नॉब ओढला, तो तारेसकट हातात आला. डिझेलचा पाइप काढला, तरी चालूच. धनेश ओरडला, ते स्वतःचं ऑइल पितंय, पोरीला उतरव.
मी उतरवलं नाही. धनेशने उतरवलं, तिला आणि सगळ्यांना. मी चावी धरून उभा.  इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. मग आत काहीतरी फुटलं आणि सगळं गप्प झालं. बँडसुद्धा.
कुणाला लागलं नाही.
धनेशच्या फोनवर नेरळ स्टँडवरच्या गाड्या आल्या. माझ्यासाठी पुढची सीट मोकळी ठेवली होती. हर्षला म्हणाली, "बाबा, चला." आईला मी रीतीची आठवण करून दिली, नारळ फुटलेली गाडी दारात कशी सोडू? ती म्हणाली, "आरं, ते बैलांच्या टायमाचं. तू चल." जागृती गाडीचं दार धरून थांबली. मग तिनेच ते लावून घेतलं.
मी सांगितलंय, किरकोळ काम आहे. वाटेत चौक फाट्याला तुम्हाला गाठतो.

४ मे, बारा
इंजिनच्या कुशीत मूठ जाईल एवढं भोक. एम-सील आहे घरात. सुकलं की निघायचं. रस्ता मोकळा असेल. लग्नं कुठे वेळेवर लागतात?

४ मे, साडेबारा
सुकतंय.

४ मे, संध्याकाळी
एम-सील गळून पडलं. पत्र्याला तेल होतं, नाहीतर धरलं असतं.
धनेशने फोटो पाठवले. लग्न वेळेवर लागलं. माझी तब्येत बिघडली असं सांगितलं म्हणे तिकडच्यांना. कन्यादानाला जागृतीशेजारी धनेश बसलाय. हर्षलाचा हात त्याच्या हातात. माझा फेटा त्याला घातलाय, बरोबर बसलाय.
हर्षला एकाही फोटोत समोर बघत नाही. सगळ्या फोटोंत दाराकडे बघते. दुसरा फोटोग्राफर तिकडे उभा असणार.