कारखानदार कुणाला म्हणायचं?

अहो,

उद्या खांडेनवमी. सकाळपासून मन थाऱ्यावर नाही. दूध उतू गेलं, शेडमध्ये गेले ती कशाला गेले तेच विसरले. कुणाशी बोलू? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

पुणतांब्याहून तुमचे धाकटे भाऊ आलेत. ओसरीवर बसून म्हणाले, "वैनी, दादा वैशाखात गेला. उद्या हत्यारांची पूजा मी करतो, तुमी आत बसा. त्यात तुमी अशा... बरं दिसत न्हाई."

नुसती पूजा असती तर बसले असते हो. पण आपल्याकडे हत्यारांपुढे जो नारळ फोडतो, त्यालाच कारागीर वर्षभर मालक मानतात. भाऊजींना तर ऐरणी विकून तिथं खताचं गोदाम करायचंय.

आठवतं? लग्नानंतर तुम्ही बोर्डावर नावापुढे 'कारखानदार' रंगवून घेतलंत, तेव्हा मी किती हसले होते. वर चार पत्रे, खाली दोन ऐरणी, आणि म्हणे कारखानदार! मला वाटायचं, कारखानदार म्हणजे साखर कारखान्याचे, जीपमधून उतरणारे. तुम्ही चिडला नाहीत. उर्दू शाळेच्या मास्तरांना विचारून आला होतात. शब्द फारसीतला, कार म्हणजे काम, खाना म्हणजे घर, आणि दार म्हणजे ते राखणारा. "यात जीप कुठं आली, सांग," म्हणालात.

तेव्हापासून घमेल्यांचे काठ मीच वळवत आले. दुष्काळात खडीच्या कामांवर घमेली पुरेनात, तेव्हा तुम्ही अंगात ताप घेऊन पत्रा कापत होतात आणि मी शेजारी ठोकत होते. वैशाखापासून तर दोन्ही कामं माझ्याकडेच. मग हे घर राखलं कुणी? तुमच्या भावाला एकदा तरी सांगून जायचं होतंत! रागच येतो तुमचा.

दुपारी आपल्या जुन्या कारागिराला, म्हादूला, विचारलं, "उद्या नारळ मी फोडला तर राहशील का कामाला?"

त्यानं हातातला हातोडा खाली ठेवला. "बाई, गाव लई बोलंल," म्हणाला. मग हातोडा उचलत म्हणाला, "बोलू द्या. आमी हाय."

तरी भीती जात नाही. लोक काय बोलतील ते आत्ताच ऐकू येतंय. पण भाऊजींची अंघोळ व्हायच्या आत हत्यारं धुऊन नारळ मी फोडणार. माझ्या कपाळाला नसलेलं कुंकू उद्या ऐरणीला माझ्याच बोटानं लागेल, एवढं वचन देते.

तुमची,
सुभद्रा